मुकादमाच्या फोनमधली बाई

रात्रभर वारा सुटला होता. पहाटे तो दमून कुठेतरी जाऊन बसला आणि मागे नुसती धूळ ठेवून गेला. टेंपोच्या काचेवर बोट फिरवून कोणाला शिवी लिहायची असेल तर लिहिता आली असती, एवढी. मुकादम टेंपोच्या हौद्यात उभा राहून दोर तपासत होता. हातभर दोर ओढायचा, पीळ उलगडून बघायचा, कुठे धागा तुटलेला दिसला की तेवढा तुकडा कापून टाकायचा. हे काम तो रोज सकाळी करायचा आणि करताना रोज मोठ्याने शिव्या द्यायचा. दोर ओला ठेवणाऱ्याला, दोर कोरडा ठेवणाऱ्याला, कोणीच ठेवला नसेल तर दोराला. आज शिव्या नव्हत्या. त्यामुळे गल्लीतल्या दोन-तीन घरांना उठायला उशीर झाला.

लोकांचं घरसामान एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचं, हा त्याचा धंदा. हाताखाली तीन गडी. एक उंट, उंचीमुळे. एक गोणी, अंगामुळे. तिसरा पाहुणा, तो दोन दिवसांच्या बदलीवर आला होता आणि नंतर जायचं राहूनच गेलं. या चौघांचा एकच कायदा होता : जिन्यावर एकच आवाज. सामान हातात असताना मालक काय म्हणतो, मालकीण काय म्हणते, शेजारी दार उघडून काय सल्ला देतो, ते कानावर घ्यायचंच नाही. मुकादम “उचल” म्हणाला की उचलायचं, “टेकव” म्हणाला की टेकवायचं. उभं आयुष्य जिन्यांवर ओरडून ओरडून मुकादमाचा आवाज असा झाला होता की खालच्या मजल्यावर तो “हळू” म्हणाला तर गच्चीवरची कबुतरं उडायची.

आणि काही दिवसांपूर्वी एकदा तो “उचल” म्हणाला आणि घशातून नुसती हवा आली.

घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं. “गाठी आल्यात. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने जास्त ताण येतो.”

“डॉक्टर, घरात बोलले तर चालेल ना?” मुकादमाच्या बायकोने विचारलं.

“घरातही नाही.”

“नाही नाही, मी आपलं खात्री करून घेतली,” ती म्हणाली. डॉक्टरांना ती काळजी वाटली.

पण तिला खरोखरची काळजी होतीच. दाराबाहेर आल्यावर तिने पदराने डोळे पुसले आणि घरी जाऊन पहिला फोन केला तो मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे मुकादमाच्या साडूला. हा साडू फरशीच्या एका गोदामाचा व्यवस्थापक होता. अंगाने प्रशस्त, बोलण्याने त्याहून प्रशस्त. गोदामात राखणदाराची खुर्ची रिकामी होत होती. साडू म्हणाला, “त्यांना इथे बसवू. बोलायचं काम नाही, उचलायचं काम नाही. पंखा आहे. मी मालकांना शब्द टाकतो.”

मुकादमाच्या अंगावर काटा आला. गोदामातली खुर्ची त्याने पाहिली होती. तिच्यावर बसणारा माणूस हळूहळू खुर्चीसारखाच दिसायला लागतो, हेही पाहिलं होतं. पण वाद घालायला आवाज हवा. नुसते हातवारे करून नाही म्हणणाऱ्या माणसाला बायको म्हणते, “हो का? बरं.”

मदतीला आली ती सून. ती एका दातांच्या दवाखान्यात लोकांना नंबर पुकारायला बसायची. दिवसभर ओरडून तिचाही घसा बसायचा, म्हणून तिने तिथे नंबर पुकारणारं अ‍ॅप लावून घेतलं होतं. तिने सासऱ्याचा फोन हातात घेतला आणि म्हणाली, “बाबा, फोनबरोबर जे येतं ते म्हणजे नुसत्या भिंती. खरं घर बाहेरून आणून लावायचं असतं.”

तासाभरात तिने बरंच काही आणून लावलं. पहिलं म्हणजे बोलणारी बटणं. पडद्यावर मोठे चौकोन, प्रत्येकावर एक शब्द : उचल, टेकव, डावी, उजवी, हळू, थांब. बोट ठेवलं की फोनमधली बाई तो शब्द स्पष्ट आवाजात म्हणायची. रिकाम्या पट्टीत काही लिहिलं तर तेही वाचून दाखवायची. “ए गाढवा” असं एक बटण मुकादमाने कागदावर लिहून मागितलं होतं. सुनेने त्या जागी “दादा, जरा लक्ष द्या” घातलं. पहिल्यांदा ते बटण वाजलं तेव्हा गोणी लाजला.

दुसरं अ‍ॅप आवाज वाढवणारं. ते लावल्यावर फोन हातात थरथरत बोलायचा. तिसरं, पाणसळीचं. फोन आडवा ठेवला की त्यात बुडबुडा दिसायचा आणि जमीन कुठल्या बाजूला कलते ते कळायचं. हे मुकादमाला फारच आवडलं. त्याने घरातली एकूण एक वस्तू मोजली आणि शोध लावला की आपला पलंग बायकोच्या बाजूला उतरता आहे. रात्री सगळी चादर तिकडे का जाते याचा उलगडा त्याला इतक्या संसारानंतर झाला. चौथं, टाळी वाजवली की “मी इथे आहे” म्हणणारं. मुकादम फोन कुठेही टाकायचा, म्हणून ते. पण घरात डास फार. बायकोने डास मारायला दोन्ही हात आपटले की कपाटावरून ती बाई म्हणायची, “मी इथे आहे.” बायको सुनेला म्हणाली, “हिला आधी सांग, तुला कोणी विचारलं नाही.”

या बाहेरून आलेल्या अ‍ॅपांना बायकोने भाडेकरू नाव ठेवलं. प्रत्येक भाडेकरू आत येताना काही ना काही मागायचा. फोटो बघू का, नावं बघू का, तुम्ही कुठे जाता ते बघू का. “बॅटरी लावायला याला माझ्या बहिणीचे फोटो कशाला हवेत?” ती विचारायची. “भाडेकरूने उजेड पाडावा आणि गप्प राहावं.”

शेवटचं अ‍ॅप होतं ते फोन आला की नाव सांगणारं. मुकादमाचे दोन्ही हात कामात असतात. कोणाचा फोन आहे ते त्याला बघता येत नाही. म्हणून ज्याचा फोन त्याचं नाव ती बाई तीनदा घ्यायची. फोनमध्ये बाई एकच. बटणं दाबली तरी तीच बोलणार आणि नाव घ्यायलाही तीच येणार. हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही.

सगळं झाल्यावर सुनेने सासूला सांगितलं, “आई, बाबांना आता जिन्यावर कोणाची गरज नाही.”

सासूचा विश्वास बसेना. शेवटी ठरलं ते असं : सोमवारी एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं जुनं शिसवी कपाट तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायचं होतं. कपाट एकसंध, खिळा नाही, सांधा सुटत नाही. ते जर ओरखडा न येता खाली आलं तर मुकादम आहे तिथेच राहील. ओरखडा आला तर गोदाम. मुकादमाने मान डोलावली. बायकोने भिंतीवरच्या देवाला साक्षीला ठेवलं आणि शिवाय साडूलाही कळवलं.

साडूला धीर नव्हता. मालकांना सोमवारी दुपारपर्यंत नाव हवं होतं.

* * *

बाईंच्या घरातलं बाकी सगळं सामान खाली गेलं होतं. रिकाम्या खोलीत कपाट उभं होतं आणि त्याच्यासमोर बाई. आयुष्यभर भाषा शिकवलेल्या. त्यांनी मुकादमाला विचारलं, “तुम्हीच प्रमुख का?”

मुकादमाने बटण दाबलं. चुकीचं लागलं. “टेकव,” फोनमधली बाई म्हणाली.

“अं?”

“त्यांना बोलायची बंदी आहे, बाई,” पाहुण्याने सांगितलं. “फोन बोलतो.”

“उच्चार स्वच्छ आहेत,” बाई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

चौघांनी चार कोपरे धरले. मुकादमाने एका हाताने कपाट धरलं, दुसऱ्या हातातल्या फोनवर अंगठा ठेवला. “उचल.” कपाट वीतभर वर आलं. सुरेख आलं. आणि तेवढ्यात तीच बाई, त्याच आवाजात, खणखणीत म्हणाली :

“उचलू नको. उचलू नको. उचलू नको.”

धप्पकन कपाट खाली.

साडूचा फोन होता. झालं होतं असं की हा साडू कधीही फोन करायचा आणि एकदा लागला की अर्धा दिवस खायचा. त्याच्या नादात मागे मुकादमाच्या एका गिऱ्हाइकाची शिलाईमशीन पावसात भिजली होती. त्या दिवशी चिडून मुकादमाने फोनमधलं त्याचं नाव खोडलं आणि त्या जागी लिहिलं, ‘उचलू नको’. स्वतःलाच दिलेली ताकीद ती. बायकोला अर्थातच माहीत नव्हतं. सुनेलाही नव्हतं.

मुकादमाने फोन कापला. तिन्ही गडी त्याच्याकडे बघत होते.

“नवीन बटण घातलंय,” उंट म्हणाला.

“पण आधी उचल म्हणाले, मग उचलू नको,” गोणी म्हणाला. “एक काय ते सांगा ना, मुकादम.”

“आणि ‘उचलू नको’ हे एकवचन झालं,” बाई म्हणाल्या. “इथे चार माणसं आहेत. ‘उचलू नका’ हवं.”

मुकादमाने खुलासा लिहायला घेतला. त्याचं बोट जाड आणि फोनवरची अक्षरं मोहरीएवढी. बराच वेळ झटून दोन शब्द झाले. त्याने बटण दाबलं.

“साडू आहे,” फोन म्हणाला.

गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग कपाटाकडे.

“कोण, हे?” उंटाने विचारलं.

“असेल,” गोणी म्हणाला. “जड आहे, आडवं आहे आणि काही उपयोग नाही. आमचाही एक असाच आहे.”

मुकादमाने जोरजोरात मान हलवली. गड्यांना वाटलं, तो हसतोय. त्याने कपाळावर हात मारला आणि पुढे कोपरा धरला. फोन मुका करावा तर बटणंही मुकी होणार. नाव घेणारं अ‍ॅप काढावं तर ते कुठून काढायचं ते सुनेलाच माहीत. तिला विचारायचं तर फोन करावा लागणार, आणि फोनवर बोलणार कोण? त्याने ठरवलं, लवकर खाली जाऊ.

तिथून पुढे कपाटाचं नाव साडू पडलं ते पडलंच. “साडूचं तोंड भिंतीकडे घे.” “साडू तिरका झालाय.” “अरे साडूचा पाय मोडेल, हळू.” पहिला जिना उतरेपर्यंत आणखी एक फोन आला, आणखी एकदा साडूला टेकवावा लागला. मुकादमाच्या अंगाला घाम सुटला होता, तो ओझ्याचा नव्हता. अजून ओरखडा आला नव्हता. पण असं दर दहा पायऱ्यांवर कपाट आपटत गेलं तर येणार हे दिसत होतं. आणि डोळ्यांसमोर खुर्ची दिसत होती, पंख्याखाली.

दोन मजल्यांमध्ये जिन्याचं वळण होतं. तिथे एक चौकोनी जागा. तिच्यात कपाट उभं करायचं, गर्रकन फिरवायचं आणि पुन्हा आडवं करून खाली काढायचं, हाच मार्ग. उभं केलं. आता वळणात कपाटच कपाट झालं. वरच्या पायऱ्यांवर मुकादम आणि पाहुणा, खालच्या पायऱ्यांवर उंट आणि गोणी, मध्ये शिसवी भिंत. कोणाला कोणी दिसेना. फक्त एका कोपऱ्याला माणूस अंग चोरून जाईल एवढी फट होती.

आणि खालून साडू आला. फोन लागत नाही म्हणून त्याने मेहुणीकडून पत्ता घेतला होता. पांढरा कडक सदरा, हातात फोन, दोन मजले चढून श्वास चढलेला.

“मुकादम कुठे आहेत?”

“वर. पलीकडे,” गोणी म्हणाला. त्याचा गाल कपाटाला चिकटलेला होता, त्यामुळे मागे कोण आहे ते त्याला दिसलं नाही.

“मग मला जरा जाऊ द्या.”

“थांबा साहेब. आधी साडूला फिरवू दे.”

“कोणाला?”

“साडूला. सकाळपासून जीव खाल्लाय त्याने. हे एवढं अंग, आणि आत बघाल तर पोकळ.”

साडूने सदरा खाली ओढला. “हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मुकादमांनी. सरळ सांगितलं, साडू आहे म्हणून.”

“मागून धरला तर सरकतो, पुढून धरला तर करकरतो,” उंटाने भर घातली. “वरच्या बाई म्हणतात, पूर्वीच विकून टाकायला हवा होता.”

साडूचा चेहरा लाल झाला. कोणत्या वरच्या बाई, आपल्याला विकायचा त्यांचा काय संबंध, हे विचारायलाही तो थांबला नाही. “मी बघतो आता त्यांच्याकडे,” असं म्हणून तो त्या फटीत शिरला. अर्धा शिरला, सगळा शिरला, आणि कोपऱ्यात उभा राहिला. त्याच वेळी वर मुकादमाने, ज्याला यातलं काही माहीत नव्हतं, “डावी” दाबलं. कपाट डावीकडे फिरलं. फट मिटली. साडू कोपऱ्यात, समोर कपाट, मागे भिंत, मध्ये तो आणि त्याचं पोट.

“मुकादम!” उंट खालून ओरडला. “साडू अडकला!”

वर मुकादमाने मान डोलावली. त्यालाही ते दिसतच होतं. कपाट अडकलंय, हे काय ओरडून सांगायचं? त्याने “उजवी”वर बोट नेलं.

कोपऱ्यातून साडूने मुकादमाला हाक मारली. कपाटाआडून ती हाक वर गेली ती अशी घुसमटलेली की पाहुणा एकदम एक पायरी मागे सरकला. “मुकादम, हे बोलतंय.”

“काय बोलतंय?” वरून शिक्षिकाबाईंनी विचारलं.

“कपाट. आतून हाक मारली.”

“आत मी फक्त वर्तमानपत्रं अंथरली होती,” बाई म्हणाल्या.

हाकेला उत्तर येत नाही म्हटल्यावर साडूने मोठ्या कष्टाने हात वर घेतला आणि फोन लावला. इकडे मुकादम बटण दाबायला आणि फोन यायला एकच गाठ पडली.

“उजवी. उचलू नको. उचलू नको. उचलू नको.”

खालच्या दोघांनी धरलेलं सोडलं. कपाट आणखी बोटभर कोपऱ्याकडे बसलं. साडूच्या सदऱ्याचं एक बटण तटकन उडून पायऱ्यांवरून खाली गेलं.

मुकादमाने फोन कापला, “उचल” दाबलं. दोघांनी उचललं. साडूने पुन्हा लावला. “उचलू नको.” दोघांनी टेकवलं. मुकादमाने कापला. साडूने लावला. फोन आला की सगळा पडदा व्यापून टाकायचा, बटणं खाली दडायची. कापून ती वर येईपर्यंत पुढचा फोन हजर. बाई बिचारी दोन्हींकडचं इमानाने सांगत होती. उचल, उचलू नको, उचल, उचलू नको.

“अहो, उचला!” कोपऱ्यातून साडू ओरडला.

“साडू म्हणतोय उचला,” उंट म्हणाला.

“फोनमधली म्हणते नको,” गोणी म्हणाला. “जिन्यावर एकच आवाज. साडूचं ऐकायचं नाही.”

“अरे, पण तो माणूस आहे.”

“असू दे. माणसांचं तर आपण कधीच ऐकत नाही.”

आणि पुन्हा ती घणघणायला लागली, “उचलू नको. उचलू नको.” मुकादमाचं डोकं फिरलं. बोलता येत असतं तर त्याने त्या साडूचा उद्धार असा केला असता की कबुतरं गाव सोडून गेली असती. त्याने पडद्याकडे पाहिलं. कापत राहिलो तर हा संध्याकाळपर्यंत लावत राहील. याला गप्प करायचं तर एकच उपाय. दात-ओठ खाऊन मुकादमाने तो फोन उचलला.

आवाज वाढवणारा भाडेकरू जागाच होता. साडूचा आवाज जिनाभर दणाणला, एकदा फोनमधून आणि एकदा कपाटामागून.

“अहो, मी इथे कोपऱ्यात आहे! तुमच्या कपाटामागे!”

मुकादमाने कपाटाला कान लावला. मग वळलेल्या मुठीने दोनदा ठोकलं.

“हां, तेच. ते माझ्या डोक्याजवळ,” दोन्हींकडून साडू म्हणाला. “बाहेर काढा मला. आणि आता उचललाच आहे फोन तर ऐकून घ्या, ठेवू नका. मालकांना दुपारपर्यंत नाव द्यायचंय. खुर्चीला हात आहेत. पंखा नवीन बसवलाय. मला श्वास घ्यायला जरा त्रास होतोय, पण तिथे हवा चांगली आहे...”

फोन चालू म्हणजे बटणं बंद. ठेवला तर हा पुन्हा लावणार. मुकादमाने बोलणारा साडू तसाच खिशात घातला. दोन्ही हात मोकळे झाले. कितीतरी दिवसांनी त्याने कपाट दोन्ही हातांनी धरलं, खांदा लावला आणि आपला कोपरा उचलला. बस, एवढंच केलं.

खाली गोणीच्या हाताला कपाट किंचित हलकं लागलं. त्याने काही न बोलता आपला कोपरा उचलला. उंटाने त्याचा. पाहुणा होताच. मुकादमाने उजवीकडे भार टाकला, कपाट उजवीकडे वळलं. थांबला, सगळे थांबले. फट उघडली, आणि साडू भिंतीला पाठ घासत खालच्या पायरीवर उतरला. गोणीने मान वळवून त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

“साहेब, तुम्ही होय,” तो म्हणाला. “मला वाटलं, साडू.”

कपाट फिरलं, आडवं झालं, आणि खाली निघालं. जिन्यावर कोणी चकार शब्द बोलत नव्हतं. बोलत होता तो फक्त मुकादमाच्या खिशातला साडू, कारण खरा साडू कपाटाच्या पुढे-पुढे उतरत फोन कानाला लावूनच होता. पंखा, जेवणाची सुट्टी, रविवार मोकळा. बोलून बोलून तो फाटकाशी पोचला तेव्हा मागोमाग कपाटही पोचलं होतं, आणि मुकादम त्याच्या चारी बाजूंनी फिरून, वाकून, बोटाने चाचपून बघत होता.

एक चरा नव्हता.

मुकादमाने फोन ठेवला. मग लिहायला घेतलं. सगळे वाट बघत उभे राहिले.

“मी न सांगता कसं उचललं,” फोनने विचारलं.

गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी गोणी म्हणाला, “मुकादम, राग नाही ना येणार? आम्ही तुमचं ऐकून कधी उचललंय? तुम्ही कोपरा उचलला की हाताला कळतं. सकाळपासून या फोनमधल्या बाईचं ऐकायला लागलो, तिथेच तर सगळं बिघडलं.”

मुकादमाने कपाटावरून एकदा हात फिरवला. मग पुन्हा लिहिलं.

“मग मी ओरडत होतो ते,” फोन म्हणाला.

“ते चांगलं वाटायचं,” उंटाने सांगितलं. “रेडिओ लावल्यासारखं.”

“आणि घरमालकाला धाक राहायचा,” पाहुणा म्हणाला. “ते पण लागतंच.”

इतक्यात साडूचा फोन वाजला. मुकादमाची बायको होती. नवरा बोलू शकत नाही म्हणून तिने भावोजींना लावला होता.

“ओरखडा आला का हो?” तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

साडूने मनगट बघितलं, कोपर बघितलं, पाठीवरून हात फिरवला, सदऱ्याची उघडी पडलेली जागा चाचपली. “कपाटाला नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे कपाट उत्तम आहे.”

मग ती म्हणाली, “मग राहू दे, भावोजी. खुर्चीवर दुसरा कोणी बसवा. हे घरी बसलेसुद्धा नीट बसत नाहीत, गोदामात काय बसणार.” आणि तिचा आवाज जरासा ओला झाला. “त्यांना सांगा, काढा घ्यायला विसरू नका. बोलू नका म्हणावं.”

“बोलणार कसे?” साडू म्हणाला. फोन खिशात ठेवून तो मुकादमाजवळ आला. “तुमच्याकडे माझं कोणतं नाव ठेवलंय?”

गड्यांनी जमिनीकडे पाहिलं.

“नाही, मी कोपऱ्यातून फोन लावला की दरवेळी ती बाई काहीतरी म्हणायची. उचलू नको म्हणायची.”

मुकादमाने फोन डोळ्यांजवळ धरला. त्याचं जाड बोट एकेका अक्षरावर जाऊन थांबत होतं, चुकत होतं, परत फिरत होतं. साडू घाम पुसत थांबला. शेवटी फोन स्वच्छ, गंभीर आवाजात म्हणाला, “ते सामानाचं बटण आहे.”

त्या बाईचा आवाजच असा होता की सरकारी सूचना वाटावी. साडूने मान डोलावली.

“बटणच आहे ते, साहेब,” गोणी घाईने म्हणाला. “सकाळपासून दाबतायत.”

“तर मग ‘नका’ करून घ्या ते,” मागून जिना उतरून आलेल्या शिक्षिकाबाई म्हणाल्या. “मोठ्या माणसांसमोर बरं दिसत नाही.”

“सूनबाईंना सांगून असं एक मलाही लावून घ्यायला हवं,” साडू म्हणाला. “गोदामात माणसं ऐकत नाहीत हो माझं.” आणि पायऱ्यांवर आपलं बटण शोधायला तो परत आत गेला.

मुकादमाने फोन टेंपोच्या पुढच्या खणात टाकला आणि खण लावला. कपाट हौद्यात चढलं, दोर आवळले गेले. ज्या गोधड्या कपाटाला गुंडाळायला आणल्या होत्या त्यांतल्या दोन उरल्या होत्या, जिन्यातल्या धुळीने माखलेल्या. त्याने एकीचं एक टोक पाहुण्याच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं, आणि दोघं फाटकाबाहेर उभे राहून ती झटकायला लागले.